एडवर्ड कोल्स आणि इलिनॉयचा १८२४ चा कौल

अभिलेख (मूळ लेख)

२ ऑगस्ट १८२४ रोजी इलिनॉय राज्यातल्या मतदारांपुढे दिसायला अगदी रुक्ष असा एक प्रश्न होता: राज्यघटना बदलण्यासाठी घटनापरिषद बोलवावी की बोलवू नये. प्रश्नात गुलामगिरीचा उल्लेखही नव्हता, पण परिषद कोणाला आणि कशासाठी हवी आहे हे राज्यातल्या प्रत्येक माणसाला पक्के ठाऊक होते. परिषदेच्या बाजूने ४,९७२ आणि विरोधात ६,६४० मते पडली, आणि जेमतेम साडेपाच वर्षांपूर्वी संघराज्यात आलेले हे राज्य उघड गुलामगिरीच्या वाटेवरून मागे फिरले. तेव्हा तिथे गव्हर्नर होता सदतीस वर्षांचा, अविवाहित, जन्माने व्हर्जिनियाचा जमीनदार असलेला एडवर्ड कोल्स.

कोल्सचे नाव निघाले की ओहायो नदीवरच्या एका सकाळची गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. तरीही माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व त्या सकाळीपेक्षा पुढच्या दीड वर्षाच्या कंटाळवाण्या कामात आहे. पत्रके छापणे, वर्गणी जमवणे, वर्तमानपत्र चालवणे आणि त्याच वेळी स्वतःवरचा खटला लढवणे, असे ते काम होते.

त्याचा जन्म १५ डिसेंबर १७८६ रोजी व्हर्जिनियातल्या अल्बेमार्ल परगण्यात झाला. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे निवासस्थान माँटिसेलो याच परगण्यात आहे. विल्यम अँड मेरी महाविद्यालयात शिकत असताना तिथले प्रमुख बिशप जेम्स मॅडिसन (राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे चुलत बंधू) यांच्या व्याख्यानांतून त्याला पहिला प्रश्न पडला: माणसे जन्मतः समान आहेत हे खरे असेल, तर एका माणसावर दुसऱ्याची मालकी कशी काय असू शकते? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने मनाशी ठरवले की आपण गुलाम बाळगायचे नाहीत. मात्र हा निश्चय त्याने वडिलांपासून लपवून ठेवला. तो कळला असता तर वडिलांनी गुलाम त्याच्या वाट्याला ठेवलेच नसते, आणि मग त्यांना मुक्त करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला नसता. १८०८ मध्ये वडील वारले, रॉकफिश नदीकाठचा मळा आणि त्यावरचे गुलाम त्याला मिळाले, आणि त्याने घरात आपला बेत सांगितला. भाऊबंद आणि शेजारीपाजारी हादरले.

बेत अमलात यायला मात्र अकरा वर्षे लागली. कारण कायद्यात होते. १८०६ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाला बारा महिन्यांच्या आत राज्य सोडावे लागे. म्हणजे मुक्तता द्यायची तर त्या माणसांना कुठे तरी नेऊन वसवायलाही हवे होते. दरम्यान १८१० च्या सुरुवातीला तो राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचा खासगी चिटणीस झाला. त्याचा थोरला भाऊ आयझॅक याने जेफरसनकडे हेच काम केले होते. १८११ मध्ये कोल्स आपल्या दुसऱ्या एका भावाबरोबर क्विन्सीला वृद्ध माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांना भेटला. त्या गप्पांत, जेफरसनवर आपले नेहमीच प्रेम होते आणि अजूनही आहे, असे अॅडम्स बोलून गेले. ते शब्द दोघांचे मित्र डॉ. बेंजामिन रश यांच्यामार्फत जेफरसनपर्यंत पोहोचले, आणि १८१२ च्या १ जानेवारीला दोघांचा तुटलेला पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. अमेरिकी इतिहासातल्या त्या सुप्रसिद्ध पत्रांना वाट करून देणाऱ्यांत कोल्सही होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

३१ जुलै १८१४ रोजी कोल्सने जेफरसनलाच पत्र लिहिले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांनी लिहिला त्यांनीच व्हर्जिनियातून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने नाहीशी करण्याची योजना मांडावी, कारण तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते दुसऱ्या कोणाच्या शब्दाला नाही, असा त्याचा मुद्दा होता. जेफरसनचे उत्तर २५ ऑगस्टचे आहे. आदल्याच दिवशी ब्रिटिश फौजांनी वॉशिंग्टन जाळले होते. उत्तराचा सारांश असा की तुमच्या भावना माझ्याच आहेत, पण हे काम तरुणांचे आहे, मी आता म्हातारा झालो, माझ्याजवळ फक्त प्रार्थना उरल्या आहेत. आणि तुम्हीही आपले गुलाम सोडून राज्याबाहेर जाऊ नका, इथेच राहून हळूहळू मतपरिवर्तन करा. कोल्सने २६ सप्टेंबरला नम्रपणे, पण नेमके बोट ठेवणारे उत्तर दिले: पेनसिल्व्हेनियाला गुलामगिरीतून लवकर मोकळे करण्याचे श्रेय ज्यांना जाते ते फ्रँकलिन तुमच्यापेक्षाही अधिक वयात अशीच अवघड कामे करत होते. या पत्राला जेफरसनचे उत्तर आले नाही.

रशियाची कामगिरी मी इथे एका वाक्यात उरकतो: १८१६ मध्ये फिलाडेल्फियातल्या रशियन वाणिज्यदूतावरून उद्भवलेला राजनैतिक पेच सोडवायला मॅडिसन यांनी त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठवले आणि ते काम त्याने नीट पार पाडले.

१८१९ च्या वसंतात त्याने मळा भावाला विकून टाकला. राल्फ क्रॉफर्ड या गुलामाच्या भरवशावर गाड्या आणि माणसे पुढे रवाना केली, आणि मोनोंगहीला नदीवरच्या ब्राउन्सव्हिल इथे सपाट तळाच्या दोन नावा विकत घेतल्या. नावाडी दारुडा निघाला, म्हणून पिट्सबर्गला त्याला उतरवून सुकाणू कोल्सने स्वतःच हाती घेतले. पिट्सबर्गच्या खाली, एप्रिलमधल्या एका स्वच्छ सकाळी, त्याने दोन्ही नावा एकमेकींना बांधायला लावल्या, सगळ्यांना समोर बोलावले आणि थोडक्या शब्दांत सांगितले की तुम्ही आत्तापासून माझ्याइतकेच स्वतंत्र आहात. माझ्याबरोबर पुढे या किंवा इथेच काठाला उतरा, मर्जी तुमची. त्याच्याच नोंदीनुसार आधी सगळे गप्प राहिले, मग रडू लागले. स्वतंत्र माणसे म्हणून ते त्याच्याबरोबर इलिनॉयला आले आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाला त्याने १६० एकर जमीन दिली. ४ जुलै १८१९ ही तारीख घातलेली मुक्तिपत्रे एडवर्ड्सव्हिलमध्ये तयार झाली. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी कोल्सला त्याच गावच्या सरकारी जमीन कचेरीत निबंधक नेमले होते.

आता इलिनॉयची परिस्थिती पाहू. १७८७ च्या अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती, तरीही १८२० च्या जनगणनेत इलिनॉयमध्ये ९१७ गुलामांची नोंद आहे. काही जण फ्रेंच वसाहतीच्या काळापासूनच्या कुटुंबांकडे होते. बाकीच्यांसाठी पळवाट होती ती 'करारा'ची. मालकाने कृष्णवर्णीय माणसाला प्रदेशात आणायचे, तीस दिवसांच्या आत कारकुनासमोर त्याच्याकडून इतकी वर्षे सेवा करीन असा करार 'स्वखुशीने' लिहून घ्यायचा, आणि त्याने नाही म्हटले तर त्याला साठ दिवसांत गुलामगिरीच्या राज्यात परत न्यायची मुभा मालकाला होती. नव्व्याण्णव वर्षांचे करारही झाले. शिवाय शॉनीटाउनजवळच्या मिठागरांत बाहेरून गुलाम आणून राबवण्याची सवलत १८१८ च्या राज्यघटनेनेच १८२५ पर्यंत दिली होती. त्यात १८१९ च्या मंदीने शेतकरी कर्जात बुडाले होते. व्हर्जिनिया आणि केंटकीचे सधन मळेवाले गुलामांसह इलिनॉय ओलांडून, गुलामगिरीला मुभा असलेल्या मिसूरीकडे जाताना दिसत, आणि हा पैसा आपल्या दारावरून निघून चालला आहे असे लोकांना वाटे.

१८२२ च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. कोल्सला २,८५४, सरन्यायाधीश जोसेफ फिलिप्स यांना २,६८७, न्यायाधीश थॉमस ब्राउन यांना २,४४३ आणि जेम्स मूर यांना ६२२ मते मिळाली. फिलिप्स आणि ब्राउन हे दोघेही गुलामगिरीच्या बाजूचे. त्यांच्यातल्या मतविभागणीमुळे एक तृतीयांश मतांवर कोल्स १६७ मतांनी निवडून आला. नायब गव्हर्नर आणि विधिमंडळ मात्र विरोधकांचे होते. इतक्या पातळ पायावर उभा असलेला दुसरा कोणी असता तर जपून बोलला असता. कोल्सने डिसेंबर १८२२ च्या पहिल्याच भाषणात उरलेल्या गुलामांची मुक्तता, कृष्णवर्णीयांविरुद्धच्या कायद्यांत सुधारणा आणि मुक्त माणसांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्यांना कडक शिक्षा, अशा तीन मागण्या केल्या.

विधिमंडळाने उत्तर दिले ते घटनापरिषदेच्या ठरावाने. त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत हवे होते, म्हणजे प्रतिनिधिगृहात ३६ पैकी २४. फेब्रुवारी १८२३ मध्ये ठराव एका मताने पडला, कारण पाइक परगण्याचे निकोलस हॅन्सन विरोधात गेले. याच सभागृहाने काही आठवड्यांपूर्वी हॅन्सन यांची वादग्रस्त निवड वैध ठरवली होती. आता त्यांना बाहेर काढून त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन शॉ यांना जागेवर बसवण्यात आले, आणि शॉ यांच्या मताने ठराव मंजूर झाला. त्या रात्री तेव्हाची राजधानी व्हँडालियात जी मिरवणूक निघाली तिचे वर्णन पुढे स्वतः गव्हर्नर झालेल्या थॉमस फोर्ड यांनी लिहून ठेवले आहे. पत्र्याची कर्णे आणि पत्र्याची भांडी वाजवत जमाव कोल्सच्या दारात गेला, आणि अग्रभागी न्यायाधीश होते, त्यांत कोल्सकडून हरलेले फिलिप्सही!

तिथून पुढे सुमारे अठरा महिने प्रचार चालला. कोल्सने गव्हर्नर म्हणून मिळणारा चार वर्षांचा पगार, वर्षाला एक हजार डॉलर याप्रमाणे, या कामासाठी द्यायचे ठरवले. व्हँडालियातल्या 'इलिनॉय इंटेलिजेन्सर' या पत्रात हिस्सा विकत घेऊन ते परिषदेच्या विरोधी बाजूला आणले. फिलाडेल्फियात बँकर निकोलस बिडल आणि क्वेकर पंथाचे रॉबर्ट्स व्हॉक्स यांच्याशी पत्रव्यवहार करून त्याने तिथे पत्रके छापून घेतली. ती पाठवणाऱ्यांचा गाजावाजा न करता आणली जात, कारण 'बाहेरचे लोक ढवळाढवळ करतात' असा आरोप झाला असता. एडवर्ड्स परगण्यात इंग्रज वसाहत वसवणाऱ्या मॉरिस बर्कबेक यांनी 'जोनाथन फ्रीमन' या टोपणनावाने साध्या शेतकऱ्याच्या भाषेत पत्रे लिहिली. बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन मेसन पेक गावोगाव बायबल वाटत हिंडत आणि परिषदविरोधी मंडळेही उभी करत.

निकाल वर दिला आहेच.

मिठागर

अभिलेख, आपला लेख माहितीपूर्ण आहे, पण निकालाचे श्रेय कोल्सच्या खात्यावर इतके सरळ जमा करता येईल का, याबद्दल मला शंका आहे. इलिनॉयचे बहुसंख्य वसाहती लोक केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनियातून आलेले गरीब गोरे शेतकरी होते. मळेवाल्यांच्या शेजारी राहण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला होता. गुलाम आले की उत्तम जमीन मोठ्या मालकांच्या हाती जाते, मजुरीचे दर पडतात आणि कष्टाची प्रतिष्ठा जाते, हे त्यांना कोणी पत्रकातून शिकवण्याची गरज नव्हती. बर्कबेक यांच्या पत्रांतला मुख्य युक्तिवादही याच वळणाचा होता. आणि एक गोष्ट लेखातून निसटते: विरोधात मत देणाऱ्या अनेकांना गुलाम नको होते तसे कृष्णवर्णीय शेजारीही नको होते. कृष्णवर्णीयांविरुद्धचे १८१९ चे कायदे परिषदविरोधकांच्या विजयानंतरही जागच्या जागी राहिले, यातून काय ते समजते.

शिवाय परगण्यांनुसार पाहिले तर मिठागरांच्या गॅलाटिन परगण्याने परिषदेला भरघोस पाठिंबा दिला, आणि उत्तरेकडच्या, नव्याने वसत असलेल्या सँगमन परगण्याने तितक्याच जोराने विरोध केला. म्हणजे हिशेब बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचा होता.

अभिलेख

मिठागर, आपला मुद्दा रास्त आहे आणि त्यातले बरेचसे मला मान्य आहे. फक्त एक भर घालतो. लोकांचे हित कशात आहे हे त्यांना आपोआप उमगते असे धरले, तर १८२३ च्या आरंभी परिषदवाल्यांना विजयाची इतकी खात्री का होती, हे कळत नाही. आमदार, न्यायाधीश, नायब गव्हर्नर आणि बहुतेक वर्तमानपत्रे त्यांच्या बाजूला होती. मंदीने गांजलेल्या शेतकऱ्याला 'गुलाम आले की जमिनीला भाव येईल' हेही त्याचे हितच वाटत होते. दोन हितांपैकी कोणते हित खरे, हे त्याच्या दारापर्यंत जाऊन सांगावे लागले, आणि त्यासाठी पैसा, छापखाना आणि माणसे कोणी तरी जमवावी लागली. कोल्सचे श्रेय मी एवढ्यापुरते धरतो.

कायद्यांबद्दल मात्र आपण म्हणता ते खरे आहे. त्याच्या तीन मागण्यांपैकी पहिल्या दोन त्याच्या कारकिर्दीत पुऱ्या झाल्या नाहीत. विजयाचा राजकीय फायदाही त्याला मिळाला नाही. १८२४ च्या अखेरीस विधिमंडळाने अमेरिकेच्या सिनेटवर जॉन मॅक्लीन आणि इलायस केंट केन यांना पाठवले, आणि दोघेही परिषदेचे पुरस्कर्ते होते. कोल्सने राज्याचे सचिव नेमलेल्या बर्कबेक यांना राज्याच्या सिनेटने नामंजूर केले. मतदारांनी एक कौल दिला आणि पुढाऱ्यांनी आपला कारभार पूर्वीसारखाच चालू ठेवला.

कलमबहाद्दर

वकिली पेशामुळे मला यातला खटला अधिक रोचक वाटतो, आणि लेखात त्याचा केवळ उल्लेख येऊन गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

३० मार्च १८१९ च्या इलिनॉयच्या कायद्यानुसार, जो मालक गुलामांना मुक्त करण्यासाठी राज्यात आणील त्याने दर माणशी एक हजार डॉलरचा जामीन परगण्याला द्यायचा होता. तो माणूस पुढे परगण्यावर भार होणार नाही, याची ती हमी. जामीन न दिल्यास दर माणशी दोनशे डॉलर दंड. हा कायदा मंजूर झाला तेव्हा कोल्स इलिनॉयमध्ये पोहोचलेलाही नव्हता, आणि त्याने मुक्तिपत्रे दिली तेव्हा कायदा छापून प्रसिद्धही झालेला नव्हता. साहजिकच त्याने जामीन दिला नाही. पुढे चार-साडेचार वर्षे कोणाला त्याची आठवण झाली नाही. घटनापरिषदेचा प्रचार ऐन रंगात आल्यावर मॅडिसन परगण्याच्या अधिकाऱ्यांना अचानक आपल्या तिजोरीची काळजी वाटू लागली आणि त्यांनी गव्हर्नरवर दावा लावला. दहा माणसांचा हिशेब धरून दोन हजार डॉलरचा निकाल त्याच्याविरुद्ध लागला, म्हणजे त्याच्या दोन वर्षांच्या पगाराइतका. आणि पगार तर आधीच प्रचारात गेलेला होता!

जानेवारी १८२५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून असे दंड माफ केले. सर्किट (फिरत्या) न्यायालयाचे न्यायाधीश सॅम्युएल मॅक्रॉबर्ट्स यांनी ही माफी मानायला नकार दिला: दंडावर परगण्याचा हक्क निर्माण झाला आहे, तो विधिमंडळाला काढून घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १८२६ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. परगणा ही राज्यानेच निर्माण केलेली सार्वजनिक संस्था आहे, सार्वजनिक दंडावर तिचा खासगी मालमत्तेसारखा हक्क नसतो, म्हणून विधिमंडळ तो माफ करू शकते, असे तत्त्व त्यात मांडले गेले. गुलामगिरीच्या प्रश्नाशी त्या तत्त्वाचा तसा काही संबंध नाही, पण स्थानिक संस्थांच्या अधिकारांबाबत ते पुढे उपयोगी पडले.

रात्रपाळी

हबर्ड प्रकरण इथे यायला हवे होते. १८२५ च्या उन्हाळ्यात कोल्स काही महिने व्हर्जिनियाला गेला आणि कारभार नायब गव्हर्नर अॅडॉल्फस हबर्ड यांच्याकडे सोपवला. ऑक्टोबरअखेर कोल्स परत आल्यावर हबर्ड म्हणाले की घटनेनुसार गव्हर्नर राज्याबाहेर गेला की पद रिकामे होते, तेव्हा गव्हर्नर आता मीच. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी विल्यम युइंग यांना एका पदाची नेमणूक लिहून दिली आणि राज्याचे सचिव जॉर्ज फॉरकर यांनी तिच्यावर प्रतिस्वाक्षरी करावी असा आग्रह धरला. फॉरकर यांनी नकार दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने फॉरकर यांना आदेश देण्यास नकार दिला. विधिमंडळातही हबर्ड यांच्या मागे कोणी उभे राहिले नाही. गव्हर्नर गावाला गेला म्हणून खुर्ची आपली झाली, असे मानणारे लोक सगळीकडे असतात!

वाहती वही

माझा मुक्काम सेंट लुईसमध्ये असतो, तिथून एडवर्ड्सव्हिल गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. व्हॅली व्ह्यू दफनभूमीत राज्याने कोल्सचे स्मारक उभारले आहे. गावात फिरताना माझ्या मनात मात्र कोल्सपेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या माणसांचा विचार अधिक येतो.

नदीवरच्या त्या सकाळचे जे वर्णन आपण वाचतो ते पूर्णतः कोल्सच्या लेखणीतून आलेले आहे. राल्फ क्रॉफर्डला काय वाटले, केट क्रॉफर्डला काय वाटले, हे आपल्याला त्यांच्या शब्दांत मिळत नाही. कोल्सच्याच वृत्तांतात एक तपशील असा आहे की मुक्ततेची घोषणा ऐकल्यावर त्यांनी 'तुमचे बस्तान बसेपर्यंत आम्ही तुमच्याकडेच राहून काम करायला हवे' असे म्हटले. मालकाच्या नजरेतून ही कृतज्ञता आहे. माझ्या नजरेतून तो कदाचित परक्या मुलखात, हातात कागद नसताना केलेला शहाणपणाचा हिशेबही असेल. मुक्त कृष्णवर्णीय माणसाला पळवून दक्षिणेत विकण्याचे प्रकार ओहायोकाठी सर्रास चालत, आणि गव्हर्नर झाल्यावर कोल्सने याविरुद्ध कायदा मागितला तो काही उगाच नव्हे.

राल्फवर कोल्सने किती भिस्त ठेवली होती तेही पाहावे. डोंगर ओलांडून जाणाऱ्या गाड्या, घोडे, बायकामुले आणि खर्चाचा पैसा, हे सगळे त्याच्या हवाली करून कोल्स मागाहून निघाला. वाटेत पळून जाणे राल्फला अशक्य नव्हते. अशा माणसाला उपजीविकेसाठी मालकाच्या मार्गदर्शनाची गरज होती, हा त्या काळचा सार्वत्रिक युक्तिवाद या एका प्रवासाने खोटा पडतो, असे मला वाटते.

मिठागर

वाहती वही यांच्या मुद्द्याला जोडून विचारतो: पुढच्या आयुष्यात कोल्स वसाहतवाद्यांच्या बाजूला गेला, म्हणजे मुक्त कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत जाऊन वसावे या मताचा झाला, हे खरे ना? मग १८१९ ची समानता कुठे गेली?

अभिलेख

होय, खरे आहे. गोरे आणि काळे एका देशात बरोबरीने नांदू शकतील यावरचा त्याचा विश्वास वयाबरोबर ओसरत गेला. इलिनॉयमध्ये आपण मुक्त केलेल्या माणसांना कायदा आणि शेजारी कसे वागवतात हे त्याने जवळून पाहिले होते, एवढे मी स्पष्टीकरण म्हणून देईन, समर्थन म्हणून नव्हे. त्याच्या विरोधकांत गुलामगिरीचे शत्रूही होते, हेही इथेच सांगतो. एडवर्ड्सव्हिलच्या 'स्पेक्टेटर'चे संपादक हूपर वॉरन हे परिषदेचे कट्टर विरोधक, पण कोल्सशी त्यांचे कधी जमले नाही. एकाच बाजूने लढताना दोघे एकमेकांवर नाराजच राहिले.

त्याची पुढची वाटचाल उताराची आहे. लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होण्याला राज्यघटनेत बंदी असल्यामुळे १८२६ च्या अखेरीस तो पदावरून उतरला. १८३१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत तो जोसेफ डंकन यांच्याकडून हरला आणि त्यानंतर लवकरच फिलाडेल्फियाला कायमचा राहायला गेला. तिथे १८३३ मध्ये सॅली लोगन रॉबर्ट्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. वृद्ध मॅडिसन यांना त्याने १८३२ मध्ये पत्र लिहून, वॉशिंग्टन यांच्याप्रमाणे मृत्युपत्रात आपल्या गुलामांची मुक्तता करावी, असे विनवले होते. १८३६ मध्ये मॅडिसन वारले आणि मृत्युपत्रात तशी तरतूद निघाली नाही. याचे दुःख कोल्सला जेफरसनच्या उत्तरापेक्षा अधिक झाले असावे असे मला वाटते, कारण मॅडिसन यांच्या घरात तो अनेक वर्षे वावरला होता आणि डॉली मॅडिसन त्याच्या नात्यातल्या होत्या.

१८५६ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास संस्थेपुढे १७८७ च्या अध्यादेशाचा इतिहास वाचला. कॅन्ससमध्ये गुलामगिरीवरून रक्त सांडत होते ते हे वर्ष. ७ जुलै १८६८ रोजी फिलाडेल्फियात तो वारला. त्याचा मुलगा रॉबर्ट्स मात्र व्हर्जिनियात राहायला गेला होता, यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत दाखल झाला आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये रोआनोक बेटावरच्या लढाईत मारला गेला.

कलमबहाद्दर

शेवटची एक कायदेशीर नोंद. १८२४ च्या कौलाने नवी गुलामगिरी येणे थांबले, जुनी गेली नाही. फ्रेंच वसाहतकाळापासूनच्या गुलामांचे वंशज स्वतंत्र आहेत असा निर्णय इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४५ मध्ये जॅरो खटल्यात दिला, आणि गुलामगिरीवर निःसंदिग्ध बंदी १८४८ च्या राज्यघटनेने आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, याच राज्याने बाहेरच्या कृष्णवर्णीयांना राज्यात स्थायिक होण्यास मनाई करणारा कायदा केला. हे सारे 'काळे कायदे' फेब्रुवारी १८६५ मध्ये रद्द झाले.

वाहती वही

आणि ते रद्द करवून घेण्यात मोठा वाटा होता शिकागोतले कृष्णवर्णीय शिंपी जॉन जोन्स यांचा. या कायद्यांविरुद्ध त्यांनी १८६४ मध्ये स्वतः पत्रक लिहून छापले आणि विधिमंडळाच्या सदस्यांच्या भेटी घेतल्या. पुढे ते कुक परगण्याच्या आयुक्तपदावर निवडून आले. हा परगणा ज्यांच्या नावाने आहे ते डॅनियल पोप कुक १८२४ च्या लढ्यात कोल्सच्याच बाजूला होते. अभिलेख यांची हरकत नसेल तर जोन्स यांच्यावर मी स्वतंत्र धागा काढते.

अभिलेख

जरूर काढा. १८५३ च्या कायद्याचा तपशील कलमबहाद्दर यांनी तिथेच लिहावा, म्हणजे तो एका जागी राहील.